स्टोव्हची खोली भट्टी, आई-बाबांची खोली फ्रीज

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९७८ सालचं दुमजली लाकडी घर घेतलंत. एका टोकाला आधीच्या कुणीतरी मागाहून जोडलेली बैठकीची खोली आहे, आणि तिच्यात बिडाचा, लाकडावर चालणारा स्टोव्ह. त्या खोलीतून साध्या दाराने स्वयंपाकघरात जायचं, तिथून अरुंद पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला पाहुण्यांची खोली. त्या खोलीत सध्या नाशिकहून आलेले आई-बाबा राहतात. बाहेर उणे १५ असताना स्टोव्हच्या खोलीत २९, स्वयंपाकघरात २१ आणि आई-बाबांच्या खोलीत १४ अंश. वरच्या मजल्यावर १८-१९, म्हणजे तिथली तक्रार नाही. स्टोव्हच्या डोक्यावर ठेवायचा बिनविजेचा छोटा पंखा आणून झाला. टेबल फॅन गरम खोलीत ठेवून दारातून पलीकडे वारा सोडून झाला. फरक पडला नाही. आता डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारा बंद नळ, टाकावा की मोठा स्टोव्ह घ्यावा, असं विचारताय.

दोन्ही नको. निदान या हिवाळ्यात तरी नको.

मी या भागात गेली वीसेक वर्षं स्टोव्ह बसवतो, धुराडी साफ करतो आणि घरातून हवा कुठून गळते ते शोधतो. तरीही तुमचं घर मी पाहिलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा. दाराच्या वर किती भिंत आहे, माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, किती आहे, पाहुण्यांच्या खोलीखाली तळघर आहे की नुसती मोकळी जागा, यावर बरंच अवलंबून आहे. पण दिलेल्या तीन आकड्यांवरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. लाकडाचा स्टोव्ह म्हणजे एका खोलीचा हीटर. साध्या बिडाच्या स्टोव्हची बरीचशी ऊब किरणांनी बाहेर पडते. समोर जे दिसेल ते तापवायचं, सोफा, भिंत, तुमचे गुडघे. भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही. गावाकडे शेकोटीला पाठ केली की पाठ भाजते आणि छाती गार पडते, तोच हा प्रकार. पलीकडच्या खोलीत जी ऊब पोचते ती फक्त हवेच्या पाठीवर बसून. म्हणून सगळं घर एकाच तापमानाला आणायचा हट्ट सोडा. स्टोव्हपाशी २४-२५, स्वयंपाकघरात २१, टोकाला १८ एवढं जमलं तर ते उत्तम चाललेलं घर समजा. खालची मर्यादा मात्र मी १८ चीच धरतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही थंड प्रदेशातल्या घरांसाठी हाच आकडा आहे, आणि तुमच्याकडे त्या खोलीत वयस्कर माणसं आहेत.

आता हवेकडे येऊ. बहुतेक जण इथेच फसतात, मीही पहिली दोन-तीन वर्षं फसलो. आपल्याला वाटतं, गरम हवा इथे आहे, ती तिकडे ढकलायची. पण ज्या खोलीत हवा ढकलायची ती खोली आधीच हवेने भरलेली असते. तिथली थंड हवा बाहेर पडल्याशिवाय गरम हवेला जागा नाही. लोकलच्या दारासारखं आहे. आतले उतरले तर बाहेरचे चढणार.

उघड्या दारात हे उतरणं-चढणं आपोआप चालू असतं. १४ अंशांची हवा २९ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ५ टक्के जड असते. ती जमिनीलगत सरपटत स्टोव्हकडे येते आणि तेवढीच गरम हवा चौकटीच्या वरच्या भागातून पलीकडे जाते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर देवघरातली एक उदबत्ती घ्या. स्टोव्ह रंगात आला की बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात उभे राहा. उदबत्ती आधी घोट्यापाशी धरा, मग कमरेपाशी, मग चौकटीच्या वरच्या पट्टीखाली. खाली धूर स्टोव्हकडे वळेल, वर स्टोव्हपासून लांब पळेल, आणि मध्ये कुठेतरी तो गोंधळून सरळ वर जाईल. माझ्या गाडीत हवेचा दाब मोजायची महागडी यंत्रं आहेत, पण दारातला प्रवाह बघायला मी अजूनही उदबत्तीच काढतो. घरमालकांना वाटतं मी पूजा घालतोय.

हा प्रवाह वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. २ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद दार पूर्ण उघडं असेल आणि दोन्ही बाजूंच्या तापमानात ८ अंशांचा फरक असेल, तर माझ्या ढोबळ हिशोबाने ते दार दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता पलीकडे पोचवतं. पंखा नाही, वीज नाही. फरक ५ अंशांवर आला की हेच जेमतेम एक किलोवॉट उरतं. म्हणजे प्रत्येक दार टोलनाक्यासारखं आहे. ऊब पुढे सोडतं, पण दर वेळी काही अंश कापून घेतं. तुमचे आकडे पाहा. पहिल्या नाक्यावर २९ चे २१ झाले, पुढे पॅसेज आणि दुसरं दार मिळून २१ चे १४. स्टोव्हने त्याचं काम केलंय. मधल्या नाक्यांनी कापलंय.

यावरून तुमचा टेबल फॅन का हरला तेही कळेल. तुम्ही तो गरम खोलीत, स्टुलावर, दाराकडे तोंड करून ठेवला होता. गुडघ्याच्या उंचीची हवा ही नुसती कोमट हवा; खरी गरम हवा छताला चिकटलेली. म्हणजे ढकललीत ती कोमट हवा. शिवाय ढकललीत ती नेमकी त्या वाटेने, जिथून थंड हवा परत येत होती. आपोआप चाललेली वाहतूक तुम्ही समोरून गाडी घालून अडवलीत.

फॅन उलटा करा. आई-बाबांच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या आत, थेट जमिनीवर ठेवा. तोंड पॅसेजकडे, वेग सर्वांत कमी. दुसरा फॅन स्वयंपाकघराच्या जमिनीवर, बैठकीच्या दारापाशी, तोंड स्टोव्हच्या खोलीकडे; पण रोख थेट स्टोव्हच्या दारावर नको, नाहीतर राख काढाल त्या दिवशी घरभर होळी. असं केलं की फॅन घरातली सर्वांत गार हवा उचलून स्टोव्हकडे पाठवतो, आणि तिची जागा भरायला चौकटीच्या वरून सर्वांत गरम हवा येते. जी वाहतूक होतीच तिला मागून हलकासा धक्का, एवढंच. वेग वाढवला तर हवा घुसळली जाते, वरची आणि खालची मिसळते आणि सगळा फायदा जातो. शिवाय अंगाला वारा लागून आई म्हणणार की त्यापेक्षा आधीचंच बरं होतं.

पंख्याची ताकदही मोजून ठेवा. एक घनमीटर हवा एका अंशाने गार होते तेव्हा सव्वा किलोज्यूलच्या जरा खालीच, १.२ किलोज्यूल देते. छोटा फॅन सेकंदाला ७० लिटर हवा खरोखर हलवत असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या हवेत ११ अंशांचा फरक असेल, तर गणित ०.०७ गुणिले १.२ गुणिले ११, म्हणजे सुमारे ०.९ किलोवॉट. छोट्या विजेच्या हीटरएवढी ऊब, आणि त्यासाठी फॅनला लागतात वीस-तीस वॉट. मी पाहिलेल्या घरांपैकी बहुतेकांत टोकाच्या खोलीत एवढ्यावर दोन ते चार अंश वाढले. तासाभरात कळतं. कळलं नाही तर फॅन हलवून पाहा. पॅसेजला वळण असेल तर वळणावर ठेवलेला फॅन जास्त काम करतो.

खोलीचं दार मात्र उघडं हवं. दार बंद करून खालच्या बोटभर फटीतून काही येत नाही. इथे आपली अडचण खरी आहे, कारण रात्री आई-बाबा दार लावून झोपणार. त्यांना ते उघडं ठेवा म्हणणं सोपं नाही, मला माझ्या सासूबाईंना कधी सांगता आलं नाही. अशा वेळी दारावरचा झरोका कामी येतो. जुन्या घरांत दारावर उघडझाप होणारी काचेची पट्टी असायची, ती उगाच नव्हती. आता ती कुणी करत नाही, त्यामुळे चौकटीपासून छतापर्यंत ४० सेंटिमीटरचा पट्टा राहतो आणि त्यात घरातली सर्वांत गरम हवा उलट्या टोपलीत अडकावी तशी अडकते. बैठकीच्या दारावरचा तो पट्टा कापून दार छतापर्यंत नेलं, तर उंची २ मीटरवरून २.४ होते आणि माझ्या हिशोबाने प्रवाह साधारण तीस टक्क्यांनी वाढतो. पण तुमची बैठक मागाहून जोडलेली आहे. म्हणजे ती मधली भिंत पूर्वी घराची बाहेरची भिंत होती, आणि तिच्यातल्या दारावर भार पेलणारी तुळई असणार हे जवळजवळ नक्की. तिला करवत लावू नका. तिथे काही करायचंच असेल तर तुळईच्या वर जागा उरते का हे जाणकाराला दाखवा. पाहुण्यांच्या खोलीची भिंत आतली असेल तर तिथे वर एक जाळीचा झरोका आणि खाली जमिनीलगत दुसरा, एवढं काम सुताराचं अर्ध्या दिवसाचं आहे. दोन्ही हवेत. नुसता वरचा केलात तर हवेला परतीची वाट नाही.

एवढा वेळ मी स्टोव्हबद्दल बोलतोय, पण माझा खरा संशय दुसरीकडे आहे. तुमच्याकडे तेलावर चालणारा बॉयलर आणि भिंतीलगत गरम पाण्याच्या नळ्या आहेत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून बॉयलर चालू-बंद करणारी कळ, कुठे आहे? तुम्ही लिहिलं नाही, पण १९७८ च्या घरात तळमजल्याला एकच थर्मोस्टॅट, आणि तोही स्वयंपाकघराच्या किंवा पॅसेजच्या तोंडाशी, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पैज लावायला तयार आहे. स्टोव्हने स्वयंपाकघर २१ ला नेलं की थर्मोस्टॅट म्हणतो, घर गरम आहे, बॉयलरने झोपावं. मग आई-बाबांच्या खोलीला ना स्टोव्हची ऊब, ना बॉयलरची. स्टोव्ह पेटवायच्या आधी, नुसत्या बॉयलरवर, ती खोली १९-२० असायची का ते आठवून पाहा. असायची असेल, तर स्टोव्हनेच ती खोली गार केली म्हणायची.

यावर उपाय स्वस्त आहे. थर्मोस्टॅट त्या टोकाच्या खोलीत न्यायचा किंवा तिथे बिनतारी सेन्सर ठेवायचा. शक्य असेल तर ती खोली बॉयलरचं वेगळं वर्तुळ करून टाका. त्याला प्लंबर आणि एक व्हॉल्व्ह लागतो. मग स्टोव्हने जमेल तेवढं करायचं आणि उरलेले दोन-तीन अंश बॉयलरने. तेल थोडं जळेल. जळू द्या.

कारण यात नुसत्या सुखाचा प्रश्न नाही. माझ्या स्वतःच्या घरातला दुसरा हिवाळा. तीन रात्री सलग उणे २४. मी मोठ्या मिजाशीत स्टोव्ह धडधडता ठेवला होता, तेलाचा थेंब न जाळता अख्खा जानेवारी काढणार म्हणून. थर्मोस्टॅट स्टोव्हच्या शेजारच्या भिंतीवर. चौथ्या दिवशी सकाळी उत्तरेकडच्या बाथरूममध्ये भिंतीतून पाणी. बाहेरच्या भिंतीतून जाणारी नळी गोठून फुटली होती, कारण तिच्यातून चार दिवस गरम पाणी फिरलंच नव्हतं. वाचवलेल्या तेलाच्या कितीतरी पट पैसे प्लंबरला आणि भिंतवाल्याला गेले. तेव्हापासून कडाक्याच्या रात्री मी टोकाचा भाग बॉयलरवर ठेवतो, दिवसातून चार-सहा वेळा तो चालू झालाच पाहिजे अशा बेताने.

आता खर्चाची बाजू. खोली गार असते तेव्हा आपण फक्त मिळकत बघतो, ती ऊब गमावते किती हे बघत नाही. टोकाच्या खोलीला बहुधा तीन बाहेरच्या भिंती असतात. वारा असेल त्या दिवशी तीच उदबत्ती घेऊन खिडकीच्या चौकटी, प्लगपॉइंट आणि जमिनीच्या पट्टीवरून फिरवा. धूर आडवा झाला की तिथे फट. तळघरात उतरून, काँक्रीटच्या भिंतीवर लाकडी घर जिथे टेकतं ती पट्टी बघा. जुन्या घरांत तिथून हात गार पडेल इतका वारा येतो. आणि माळा. गरम घर हे स्वतःच एक धुराडं असतं. माळ्यावरच्या फटींतून गरम हवा बाहेर निघते आणि तेवढी थंड हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. वरच्या खोल्या १८-१९ आहेत आणि खालची टोकाची १४, त्यामुळे ही ओढ तुमच्याकडे जोरात असावी. वरचं झाकण बसवलं की खालचा वारा कमी होतो. माळ्यावरच्या फटी बुजवून मग इन्सुलेशनचा थर वाढवणं हा यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त परतावा देणारा उपाय आहे. गिऱ्हाईक मात्र नेहमी पंखा मागतं.

मोठ्या स्टोव्हबद्दल. वीस टक्क्यांच्या आत ओलावा असलेलं लाकूड चांगल्या स्टोव्हमध्ये किलोला साधारण ३ युनिट, म्हणजे ३ किलोवॉट-तास ऊब घरात देतं. तासाला दोन किलो जाळलंत तर ६ किलोवॉट. तुमच्या घराला कडाक्याची थंडी सोडून एवढं बऱ्यापैकी पुरावं. मोठा स्टोव्ह आणलात तर बैठक ३३ होईल. मग तुम्ही तिथे बसू शकणार नाही, हवेची कळ बंद करून आग कोंडाल, आणि कोंडलेल्या आगीतून धूर आणि डांबरासारखी काजळी धुराड्यात साठेल. धुराड्याला आग लागते ती याच काजळीमुळे. माझ्या कामात ‘स्टोव्ह फार मोठा’ हे दुखणं ‘स्टोव्ह फार छोटा’पेक्षा जास्त भेटतं. आहे त्याच स्टोव्हमध्ये एकदम गच्च भरण्याऐवजी थोडं थोडं, कोरडं लाकूड, मोकळ्या ज्वाळेने जाळा. बैठक २९ ला भडकून पहाटे १७ ला यायच्या ऐवजी दिवसभर २५ ला राहिली, तर टोकाच्या खोलीला एकूण ऊब जास्त पोचते, कारण भिंती-फर्निचर तापायला वेळ मिळतो. लाकूड कोरडं आहे की नाही हे वरून कळत नाही. ओंडका फोडून ताज्या आतल्या बाजूला ओलावामापक टोचा. ओक असेल तर दोन उन्हाळे लागतात, विकणाऱ्याने ‘सीझन्ड’, म्हणजे वाळवलेलं, म्हटलं तरी.

डक्ट आणि डक्टमधल्या पंख्याचं थोडक्यात उरकतो. तळघरातून किंवा माळ्यावरून जाणारा डक्ट वाटेतच ऊब सांडतो. ३० अंशांची हवा आत सोडली तर पलीकडे २२-२३ ची पडते आणि अंगाला गार वाऱ्यासारखी लागते. दुसरं, परतीची हवा ओढणारी जाळी स्टोव्हजवळ लावणं धोक्याचं. तिच्या ओढीने स्टोव्हचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. आगीपासून १० फुटांच्या आत ती नसावी. मी कुणालाही, कितीही आग्रह झाला तरी, स्टोव्हच्या डोक्यावर टोपी बसवून डक्ट जोडून देत नाही.

स्टोव्हवरचा बिनविजेचा पंखा शोभेचा म्हणा. तळ गरम आणि माथा गार, या फरकातून वीज तयार करून तो फिरतो, ही करामत सुंदर आहे. बसल्या बसल्या चेहऱ्यावर ऊब येते. दोन दारं ओलांडून जायची त्याची कुवत नाही. छताचा पंखा असेल तर थंडीत उलट्या दिशेने, हवा वर ओढेल असा, अगदी सावकाश फिरवा; तुमच्या आठ फुटी छताखाली त्याचा उपयोग बेताचाच.

वरच्या मजल्याला ऊब द्यायला बैठकीच्या छतात जाळी पाडायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तुमच्या बैठकीवर वरची खोली आहे की नाही हे मला कळलं नाही, पण असली तरी वरच्या खोल्या ठीक आहेत, मग जाळी कशाला? ती पाडलीत तर आज जी ऊब खालच्या टोकाला चाललीय तीही वर जाईल. आणि आग लागली तर धूरही त्याच वाटेने झोपलेल्या माणसांपर्यंत जातो, म्हणून अशा जाळीत उष्णतेने कडी वितळली की आपोआप बंद होणारं झाकण बसवावं लागतं.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मराठी घर म्हटल्यावर मला सांगावीच लागते. स्वयंपाकघर स्टोव्हच्या शेजारी आहे. ओट्यावरचा धूर ओढणारा हुड किती जोराचा आहे? फोडणीच्या वासासाठी आपण सगळे मोठ्यात मोठा हुड घेतो. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा बाहेर फेकणाऱ्या हुडला तेवढी हवा आत यायची सोय लागते. ती नसेल तर हुड मिळेल तिथून ओढतो, आणि घरात सर्वांत सोपी वाट म्हणजे स्टोव्हचं धुराडं. भडकत्या आगीत धुराडं जोरात ओढत असतं, तेव्हा ते तग धरतं. पण रात्री उशिरा नुसते निखारे उरले की ओढ मंदावते, आणि निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, धूर दिसत नाही, वासही नाही. एका घरी दिवाळीच्या आधी चकल्या तळायचा कार्यक्रम चालला होता, हुड पूर्ण जोरात, शेजारच्या खोलीत सकाळच्या आगीचे निखारे. अलार्म वाजला म्हणून सगळे बाहेर अंगणात आले आणि मला फोन केला. अलार्म नसता तर काय, याचा मी फार विचार करत नाही. तेव्हा हुड लावला की त्याच्याजवळची खिडकी चार बोटं उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या मजल्यावर एक आणि आई-बाबांच्या खोलीबाहेर एक, नसतील तर आजच आणा. फॅनच्या आधी.

आणि या सगळ्याआधी एक फुकटचा उपाय. तुमची कामाची खोली स्वयंपाकघराला लागून आहे असं लिहिलंय. दोन-तीन महिने तिथे आई-बाबांचा पलंग टाका आणि तुमचं टेबल टोकाच्या खोलीत न्या. तुम्ही स्वेटर घालून, पायाशी छोटा विजेचा हीटर लावून काम करू शकता. मी इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी १९९८ मध्ये, ते मोठं बर्फवादळ झालं. या सगळ्या पट्ट्यात आणि वर क्युबेकमध्ये दिवसच्या दिवस वीज नव्हती. ज्यांच्याकडे राहत होतो त्या म्हाताऱ्या जोडप्याने कुठलीही ऊब कुठेही नेण्याचा प्रयत्न केला नाही. गाद्या उचलून स्टोव्हच्या खोलीत आणल्या, बाकीच्या दारांवर घोंगड्या टांगल्या आणि नळ बारीक धारेने चालू ठेवले. जिथे ऊब आहे तिथे माणसं गेली. पुढे एवढी वर्षं हा धंदा करूनही त्याहून बिनचूक काम मी केलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत आई-बाबा पुन्हा येणार असतील तर टोकाच्या खोलीसाठी भिंतीवरचा छोटा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारं एसीसारखं यंत्र, बघा. फॅन, झरोके, थर्मोस्टॅट, फटी हे सगळं करूनही ती खोली १६ च्या वर जात नसेल, तर मी स्टोव्हकडून अजून अपेक्षा न ठेवता तोच घेईन.

मोजायचं कसं, तर तीन स्वस्त थर्मामीटर, तिन्ही खोल्यांत छातीच्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. आधी तिन्ही एका टेबलावर तासभर ठेवून एकच आकडा दाखवतात का ते पाहा. थर्मामीटर येईपर्यंत खोबरेल तेलाच्या तीन वाट्या पुरतील. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. स्टोव्हपाशी पातळ आणि स्वयंपाकघरात घट्ट, इथपर्यंत सगळं यथास्थित चाललंय. स्टोव्हपाशीही घट्ट झालं तर सरपण ओलं आहे.

आज रात्री फॅन उलटे ठेवा, थर्मोस्टॅट शोधा, आणि उद्या सकाळी सहाचे तीन आकडे आणि बाहेरचं तापमान लिहा. उदबत्तीचा धूर बैठकीच्या दारात किती उंचीवर दिशा बदलतो तेही सेंटिमीटरमध्ये हवं. तोवर कुठल्याही भिंतीला भोक पाडू नका.